मैत्रिणीसाठी स्मरणसभा आणि आठवणींची पुस्तिका: काय करावं, कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची मैत्रीण गेल्या महिन्यात गेली. शाळेतल्या, बँकेतल्या, रोजच्या लोकलमधल्या आणि सोसायटीच्या भजनी मंडळातल्या अशा आम्ही चार ठिकाणच्या मैत्रिणी आहोत, एकमेकींना फारशा ओळखत नाही. दिवसकार्य घरच्यांनी केलं. आम्हाला मुंबईत तिच्यासाठी एक सभा घ्यायची आहे आणि जमलं तर आठवणींची छोटी पुस्तिका काढायची आहे. सुरुवात कुठून करावी?"

सुरुवात हॉल शोधण्यापासून करू नका. हॉल आणखी महिन्याभराने मिळेल, आठवणी तशाच्या तशा मिळणार नाहीत. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत मैत्रिणींना बारीकसारीक गोष्टी आठवत असतात. फोन उचलल्यावर ती 'हॅलो'ऐवजी काय म्हणायची, कुणासाठी डब्यात काय वेगळं आणायची, कुणाच्या कोणत्या बोलण्यावर तिचा पारा चढायचा. मग हळूहळू या सगळ्याचं 'मनमिळाऊ', 'हसतमुख', 'सदैव मदतीला तत्पर' होऊन जातं. ही विशेषणं खोटी नसतात, पण ती कुणाच्याही फोटोखाली छापता येतात. सभा असो की पुस्तिका, जे तिच्याच बाबतीत खरं आहे ते जमवणं हे मुख्य काम. बाकीची सगळी धावपळ त्यासाठी.

आणि हे काम मैत्रिणींनीच करायचं असतं. घरच्यांना ती आई, बायको, सून, वहिनी म्हणून ठाऊक असते. तिने प्रमोशन का नाकारलं, कॅश काउंटरवर हिशेब जुळेना तेव्हा ती किती वाजेपर्यंत थांबली, गाडीत तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून कुणाशी भांडली आणि पुढच्या आठवड्यात त्याच बाईला जागा कशी धरून ठेवली, हे मुलांनाही माहीत नसतं. सभेनंतर मुलं जे सांगतात ते बहुतेक वेळा एकच असतं: आई अशी होती हे आम्हाला आज कळलं. तयारीतला प्रत्येक निर्णय घेताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

घरच्यांशी एकीनेच बोलावं, जिला ते आधीपासून ओळखतात. चौघींनी चार फोन केले तर घरचे थकलेल्या मनःस्थितीत चार वेगवेगळ्या गोष्टींना हो म्हणतात आणि पुढे गैरसमज होतात. सभा घेतलेली चालेल का, कोणती तारीख नको, फोटो कोणता लावायचा, घरचं कुणी बोलणार का, हे विचारून घ्या. आजाराबद्दल किती बोलायचं हेही तेव्हाच विचारा आणि घरचे सांगतील ते एक वाक्य सगळ्या वक्त्यांना कळवा. हे ठरलेलं नसलं की कुणीतरी व्यासपीठावरून हॉस्पिटलचे शेवटचे दिवस सांगू लागतं, उपचारांत कुठे चुकलं यावर मत देतं, आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला ते सगळं पुन्हा भोगावं लागतं. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठी यांतलं काहीही बोलायचं नाही, 'अमुक कारणामुळे' असंही म्हणायचं नाही. ऐकणाऱ्यांतही कुणी त्याच काठावर असू शकतं. सूत्रसंचालिकेने टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक शांतपणे एकदा सांगावा.

तारीख घरच्या विधींना चिकटवू नका. दहावं-बारावं-तेरावं असो, बौद्ध कुटुंबातलं पुण्यानुमोदन असो, ख्रिस्ती कुटुंबातली महिन्याची मिस्सा असो की मुस्लिम कुटुंबातला चाळिसावा, त्या दिवशी घरातली वडीलधारी मंडळी आणि विधी मुख्य असतात. मैत्रिणी मागे बसतात आणि जेवण करून निघतात. तुमची सभा वेगळ्या दिवशी असली की तिथे फक्त तिच्याबद्दल बोलता येतं. तिच्या जाण्यापासून पाच ते आठ आठवड्यांचा काळ चांगला. घरच्यांची पहिली धावपळ ओसरलेली असते आणि आठवणी अजून ताज्या असतात.

आता एक अगदी आपल्याकडची अडचण. तिला चार ठिकाणी चार नावांनी ओळखतात. शाळेच्या हजेरीपटावर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, सोसायटीत 'अमक्याची आई', गाडीत नुसतं 'ताई'. त्या पिढीत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचे. त्यामुळे निरोपात फक्त सासरचं पूर्ण नाव दिलं तर शाळेतल्या निम्म्या मैत्रिणींना ती कोण हेच कळत नाही आणि त्या येत नाहीत. निरोपात पूर्ण नाव, त्याखाली 'माहेरच्या' म्हणून जुनं नाव, आणि ज्या हाकेने ती ओळखली जायची ती हाक, अशी तिन्ही द्या. शाळेचं नाव व दहावीचं (किंवा जुनं अकरावी एसएससीचं) वर्ष, बँकेची शाखा आणि साधारण वर्षं, एवढी एक ओळ जोडली की निरोप योग्य लोकांपर्यंत आपोआप पोचतो.

लोक शोधताना वर्तुळं मांडा: शाळा, कॉलेज, नोकरी, लोकलचा डबा, चाळ किंवा सोसायटी, भजनी मंडळ, भिशी, मुलांच्या शाळेच्या दारात भेटलेल्या आया. याशिवाय तीन-चार जण हमखास विसरले जातात. घरकामाला येणारी बाई, नेहमीची कोळीण, पाळणाघर चालवणाऱ्या काकू, शाखेतला शिपाई. या लोकांनी तिला रोज पाहिलेलं असतं आणि त्यांच्याकडे 'श्रद्धांजली'ची ठरीव भाषा नसते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातून जे येतं ते बहुधा सगळ्यांत जिवंत असतं. त्यांना लिहून मागू नका. जाऊन बसा आणि रेकॉर्ड करा, अर्थात विचारून.

एरवीही लिहून मागण्यापेक्षा बोलून घेणं बरं. 'आठवणी लिहून पाठवा' असा निरोप ग्रुपवर टाकला तर तीन आठवड्यांत फारसं काही येत नाही, आणि येतं त्यात निम्म्या कविता असतात. त्याऐवजी प्रत्येकीला वेगळा मेसेज करून एकच प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉइस नोटने मागा. हे प्रश्न चालतात: तिच्या पर्समध्ये कायम काय असायचं? तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं? तिने तुम्हाला कधी पैसे दिले किंवा घेतले का, आणि परतफेडीच्या वेळी काय म्हणाली? ती कोणतं काम टाळायची? कुणासमोर गप्प बसायची? तिचा एखादा निर्णय तुम्हाला तेव्हा पटला नव्हता का? 'ती माणूस म्हणून कशी होती?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर विशेषणांतच येतं.

रेकॉर्डिंगसाठी वेगळी साधनं लागत नाहीत. फोनचा रेकॉर्डर पुरतो. पंखा बंद करा, खिडकी लावा, फोन विमान मोडवर टाका आणि बोलणारीपासून वीतभर अंतरावर दुमडलेल्या रुमालावर ठेवा. टेबलावर थेट ठेवला तर बांगड्या आणि कपबशीचे आवाज टेबलातून आत शिरतात. वीस मिनिटं झाली की थांबा. सांगणारी थकते आणि मग तेच तेच येतं. फाइलला लगेच नाव द्या: तारीख, सांगणारीचं नाव, वर्तुळ. तीस रेकॉर्डिंगं 'न्यू रेकॉर्डिंग 17' अशा नावांनी पडून राहिली की नंतर कुणी ती ऐकत नाही. मराठी व्हॉइस टायपिंगने मजकूर उतरवता येतो, पण विशेषनामं आणि बोलीतले शब्द त्यात बिघडतात. म्हणून मूळ ऐकतच तपासा, आणि सांगणारीची बोली 'शुद्ध' करू नका. मालवणी बाई मालवणीतच छापली जाऊ दे.

त्याच आठवड्यात तिचा स्वतःचा आवाज जपा. तो तुमच्या फोनमध्येच आहे. व्हॉट्सॲपवर तिने पाठवलेल्या व्हॉइस नोट्स .opus या प्रकारच्या फाइलमध्ये असतात. प्रत्येकीने आपापल्या चॅटमधून त्या काढून एका ठिकाणी द्याव्यात. 'एक्सपोर्ट चॅट' केलं की मजकूर आणि फाइल एकत्र मिळतात. मात्र मीडियासह निवडलं तर मागचे कमी मेसेज येतात, म्हणून एकदा मीडियासह आणि एकदा नुसता मजकूर असं दोनदा करा. घाई अशासाठी की वापरात नसलेलं व्हॉट्सॲप खातं साधारण 120 दिवसांनी बंद होतं, आणि मग ग्रुपमध्ये ती 'लेफ्ट' झाल्याची ओळ दिसते. ही ओळ अचानक पाहिली की फार लागते. ग्रुपच्या ॲडमिनने सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं. रिचार्ज थांबला की पुढे कधीतरी तो नंबरही दुसऱ्या कुणाला दिला जातो, म्हणून त्या नंबरवर आठवणीने मेसेज पाठवत राहणाऱ्या मैत्रिणींनाही हे कळायला हवं. फेसबुकचं खातं घरच्यांच्या संमतीने 'मेमोरियलाइज', म्हणजे स्मृतिखातं, करून घेता येतं. मग नावाआधी 'रिमेम्बरिंग' दिसतं आणि 'आज तिचा वाढदिवस' अशा सूचना धाडकन येणं थांबतं.

आता हॉल. मध्य आणि पश्चिम रेल्वे जिथे मिळतात ते दादर बहुतेकींना सोयीचं पडतं. हार्बरवरून येणाऱ्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, एवढंच. रविवारची दुपार टाळा. मध्य आणि हार्बरवर रविवारी दिवसा दुरुस्तीच्या कामांसाठी मेगाब्लॉक असतो, पश्चिम रेल्वेवर जंबो ब्लॉक असू शकतो, आणि डोंबिवली-पनवेलहून निघालेल्या साठीच्या बायका पाऊण-एक तास उशिरा, दमून पोचतात. शनिवारी संध्याकाळी 5 ते 6:30 ही वेळ चांगली, कारण साडेसातच्या आत गाडी मिळते. जून ते सप्टेंबरमध्ये करायचं असेल तर त्या तारखेची भरतीची वेळ पाहून घ्या. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की हिंदमाता, किंग्ज सर्कल, सायन इथे पाणी साचायची भीती असते.

शिवाजी मंदिर किंवा दीनानाथ मंगेशकर यांसारखं नाट्यगृह घेऊ नका, कितीही ओढ वाटली तरी. ऐंशी माणसं मोठ्या प्रेक्षागृहात विखरून बसली की सभा ओस दिसते आणि बोलणारीला कुणाचा चेहरा दिसत नाही. शाळेचं सभागृह, वाचनालयाचा हॉल, कामगार कल्याण केंद्र, सोसायटीचा हॉल, म्हणजे शंभर खुर्च्या जिथे भरलेल्या वाटतील अशी जागा शोधा. हॉल पाहायला ज्या दिवशी आणि ज्या वेळी सभा आहे त्याच वारी, त्याच वेळी जा. दुपारी शांत असलेला हॉल संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या साखरपुड्याच्या डीजेने हादरतो. लिफ्ट आहे का आणि ती शनिवारी चालू असते का, हे स्वतः पाहा. दादर-गिरगावातले जुने हॉल पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात आणि तिच्या शाळेच्या बाई नव्वदीच्या असू शकतात. भाडं सत्रावर असतं. अनामत किती, ती कधी परत मिळते, माइक आणि प्रोजेक्टर भाड्यात धरला आहे का, हे पावतीवर लिहून घ्या. सोसायटीच्या पटांगणात किंवा गच्चीवर स्पीकर लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री 10 नंतर तो चालवता येत नाही.

निरोप अक्षरांत लिहून पाठवा, नुसतं चित्र नको. चित्रातली तारीख शोधता येत नाही आणि पुढे पाठवताना चित्र धूसर होतं. स्टेशन, पूर्व की पश्चिम, पायी किती मिनिटं, मजला, लिफ्ट आहे की नाही, सुरू आणि संपायची वेळ, आणि 'हार-फुलं आणू नयेत, आम्ही ठेवली आहेत' ही ओळ त्यात हवी. घरच्यांनी वाचून हो म्हटल्याशिवाय निरोप पुढे जाऊ देऊ नका. चुकीची तारीख एकदा फिरली की ती परत गोळा करता येत नाही.

फोटोवरून सगळ्यांत जास्त वाद होतात. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, शेजारच्या बाईचा खांदा दिसणारा फोटो नको. तिच्या पन्नाशीतला, ती काहीतरी करत असतानाचा फोटो बहुतेकांना 'ही तीच' असा वाटतो. आजारातला शेवटच्या वर्षाचा नको, आणि विशीतला मुख्य म्हणून नको, कारण निम्म्या लोकांनी तिला तशी पाहिलेलीच नसते. 12 बाय 18 इंचाच्या प्रिंटसाठी निदान 1800 बाय 2700 पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू सहसा 1600 च्या आसपास असते, म्हणून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. जुना कागदी फोटो असेल तर काचेतून काढून 600 डीपीआयला (इंचाला इतके ठिपके) स्कॅन करा. चेहरा स्पष्ट करणारी ॲप्स वापरू नका. ती डोळे आणि दात नव्याने रेखाटतात, आणि जवळच्यांना ते एका क्षणात जाणवतं. प्रिंट मॅट घ्या. चकचकीत कागदावर हॉलची ट्यूबलाइट नेमकी कपाळावर चमकते. जाडजूड हाराने अर्धा चेहरा झाकतो, त्यामुळे दादरच्या फुलबाजारातून सुटी पांढरी शेवंती आणि तिला आवडणारं एखादं फूल आणा, आणि हार घालायचाच तर पातळ. एकेकीने फूल वाहायला सात-आठ सेकंद लागतात, म्हणजे शंभर जणांना बारा-तेरा मिनिटं. हे आत येतानाच करून घ्या. मध्येच ठेवलं तर सगळी सभा रांगेत उभी राहते.

वक्ते निवडताना मानापेक्षा वर्तुळ पाहा. प्रत्येक वर्तुळातून एक, एकूण सात किंवा आठ, प्रत्येकी चार मिनिटं. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, नगरसेवक यांना बोलावू नका. ते तिला ओळखत नसतील तर बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं, आणि वेळ तेच घेतात. क्रम तिच्या आयुष्याचा ठेवा: आधी बालमैत्रीण, मग कॉलेज, नोकरी, गाडी, सोसायटी. असं केलं की ऐकणाऱ्यांसमोर एक मुलगी मोठी होत जाते, आणि बँकेतल्या मैत्रिणींना तिची शाळेतली खोडी पहिल्यांदा कळते. घरच्यांचं नाव आधी जाहीर करू नका. त्या दिवशी सुरुवातीला आणि शेवटच्या वक्त्याआधी हळूच विचारा. काहींना ऐकून झाल्यावर बोलावंसं वाटतं, काहींचा आवाज निघत नाही, आणि दोन्ही ठीक आहे.

प्रत्येक वक्तीला हे सांगा: एकच प्रसंग. जागा कोणती, साल साधारण कोणतं, ती काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात. 'आज आपण सगळे इथे जमलो आहोत' हे वाक्य गाळा आणि थेट प्रसंगात शिरा. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणून चार मिनिटांसाठी साडेचारशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. भाषण 18 पॉइंटमध्ये, कागदाच्या एकाच बाजूला छापा. दुसरी प्रत पहिल्या रांगेतल्या एका ठरलेल्या मैत्रिणीकडे द्या. बोलणारीचा कंठ दाटला तर आधी पाण्याचा घोट, मग हवं असेल तर ती मैत्रीण शेजारी उभी राहून पुढचं वाचेल. हे आधी ठरलेलं आहे एवढ्या धीरावरच बहुतेक जणी पूर्ण बोलू शकतात.

विषयाची एक ओळ आठवडाभर आधी मागून घ्या. नाहीतर तिघी एकच प्रसंग सांगतात, तोही तीन वेगळ्या सालांत. तिला 'तू' म्हणून उद्देशून बोलणं एकीचं मनाला भिडतं, तिसरीपर्यंत ते सवयीचं होतं. एकीलाच द्या. कविता जास्तीत जास्त एक.

आणि यावर मी ठाम आहे: बाईच्या स्मरणसभेत बोलणं स्वयंपाक, सोसणं आणि घरासाठी केलेला त्याग यांकडे घसरत जातं. तिच्या हातची पुरणपोळी खरी असेल, ती जरूर सांगा. पण तिने कर्जाची फाइल कशी वाचली, युनियनच्या बैठकीत काय विचारलं, स्वतःच्या पगारातून पहिल्यांदा काय घेतलं, कोणती पुस्तकं वाचनालयातून परत परत आणली, कशाचा तिला राग होता, हेही तितक्याच मोठ्याने यायला हवं. तिचा तापट स्वभाव सगळ्यांना माहीत असेल तर एकीने तो प्रेमाने, एखाद्या प्रसंगातून सांगावा. त्यावर सभा हसते, आणि ज्या बाईला सगळे ओळखत होते ती खोलीत येते. मर्यादा एकच: जे तिने फक्त तुम्हालाच विश्वासाने सांगितलं होतं ते तुमच्यापाशीच राहू द्या. सासरची कुरबुर, जुनं प्रेम, मुलांबद्दलची काळजी, यांतलं काहीच माइकवर येता कामा नये.

सूत्रसंचालन तिच्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीला देऊ नका. तिला त्या दिवशी रडायची मोकळीक हवी. नावं नीट उच्चारणारी आणि चार मिनिटांनी शांतपणे शेजारी येऊन उभी राहू शकणारी कुणीतरी हवी. दीड तासाचा हिशेब असा बसतो: वक्त्यांची साधारण पस्तीस मिनिटं, भजनी मंडळाचे दोन अभंग बारा मिनिटं, फोटोंची फीत (स्लाइड शो) पाच मिनिटं, उपस्थितांपैकी कुणालाही दोन-दोन मिनिटं बोलायला वीस मिनिटं, उरलेली उठण्या-बसण्यात आणि माइकपाशी जाण्यात जातात. दोन मिनिटांची स्तब्धता घड्याळ पाहून पूर्ण दोन मिनिटं ठेवा. अंदाजाने ती चाळीस सेकंदांत संपते. ती शेवटी ठेवा आणि शेवटची वेळ पाळा, कारण उशीर झाला की गाडीसाठी निघालेल्या बायका स्तब्धतेच्या आधीच जिन्यात असतात.

माइक तोंडापासून चार बोटांवर हवा. वयस्क बायका संकोचाने मागे सरकतात, म्हणून स्टँड लावूनच द्या आणि प्रत्येकीची उंची पाहून एकीने तो हलवावा. फोटोंची फीत चाळीस फोटोंची, प्रत्येकी सात सेकंद. लॅपटॉप एचडीएमआयने प्रोजेक्टरला जोडला की आवाजही तिकडे वळतो आणि हॉलच्या स्पीकरमधून काहीच येत नाही. सेटिंगमध्ये आवाजाचं आउटपुट बदलावं लागतं, तेव्हा हे तासभर आधी करून पाहा. फाइल लॅपटॉपमध्येच असू दे, इंटरनेटवर भरवसा ठेवू नका. परदेशातल्या मैत्रिणींना थेट जोडण्यापेक्षा दोन मिनिटांचा व्हिडिओ आधी मागवा. थेट दाखवायचंच तर लक्षात असू द्या की झूमची मोफत बैठक 40 मिनिटांत तुटते, आणि फेसबुक-यूट्यूबवर चित्रपटगीत वाजलं की आवाज गायब होऊ शकतो. शंभर जणांना पाण्याचे 20 लिटरचे दोन जार पुरतात. चहा घरच्यांना चालत असेल तर सभा संपल्यावर द्या.

पुस्तिका सभेच्या दिवशी वाटायचा हट्ट धरू नका. सभेतच सर्वांत चांगला मजकूर मिळतो. सभा रेकॉर्ड करा, त्यातून निवडा, आणि पहिल्या वर्षदिनाच्या किंवा तिच्या वाढदिवसाच्या आधी काढा. ए5 आकार, सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना मारलेलं) बाइंडिंग, 48 ते 64 पानं. सेंटर पिनमध्ये पानांची संख्या चारच्या पटीत लागते, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात. आत 80 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, वर 250 किंवा 300 जीएसएम आर्ट कार्डला मॅट लॅमिनेशन. रंगीत फोटो एकत्र करून मधली आठ पानं 130 जीएसएम आर्ट पेपरवर घेतली तर खर्च आटोक्यात राहतो. दोनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या पुढे ऑफसेटचा, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईचा, भाव विचारा.

मजकूर सगळा युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर टाइप होतं त्या मराठीत, मागा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधून बदललेल्या मजकुरात रफार सरकतो, 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' मोडतात, 'ॲ' हरवतो. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडलेली नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. म्हणून प्रूफ पीडीएफवर आणि कागदावर असं दोन्हीकडे वाचा, आणि शेवटचं वाचन फक्त नावं आणि तारखा यांचं करा. तिच्या नावात चूक छापली गेली तर पुस्तिका वाटता येत नाही. संपादन करताना छाटा, पण स्वतःची वाक्यं घालू नका. छाटलेला मजकूर त्या त्या मैत्रिणीला दाखवून होकार घ्या.

तिची पत्रं, कविता, डायरीची पानं छापायची असतील तर वारसांची लेखी संमती हवी. पत्राचा कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणारीचा, आणि तिच्यानंतर 60 वर्षं तिच्या वारसांचा असतो. डायरी मात्र संमती मिळाली तरी छापू नये असं माझं मत आहे. पत्र तिने कुणीतरी वाचावं म्हणून लिहिलं होतं, डायरी तशी लिहिलेली नसते.

खर्चासाठी पैसे जमवाल तेव्हा एकीच्या नावावर घ्या, पण हिशेब ग्रुपवर रोजच्या रोज टाका आणि कमीत कमी रक्कम ठरवू नका. शिपाई आणि घरकामाच्या बाईकडून घेऊ नका, त्यांनी आग्रहाने दिले तर परतही करू नका. पैसे उरले की कुणीतरी 'तिच्या नावाने ट्रस्ट काढू' म्हणतं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचा हिशेब आणि लेखापरीक्षण हे पाच-दहा जणींच्या गटाला तीन-चार वर्षांनी पेलत नाही. त्यापेक्षा तिच्या शाळेत पारितोषिक ठेवा. 50,000 रुपयांच्या मुदत ठेवीवर 7 टक्क्यांनी वर्षाला 3,500 रुपये येतात, आणि व्याजदर उतरला की तेवढे येणार नाहीत, हे पत्रातच लिहा. ठेव संस्थेच्या नावावर असावी. पारितोषिक कशासाठी, कोणत्या इयत्तेला, आणि शाळा बंद किंवा विलीन झाली तर रक्कम कुठे जाईल, हे मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून घ्या. पारितोषिकाच्या नावात तिचं माहेरचं नाव घाला, कारण त्या शाळेत ती त्याच नावाने शिकली.

पुस्तिकेच्या पाच प्रती घरच्यांना, प्रत्येक वर्तुळाला त्यांच्या संख्येइतक्या, दोन शाळेला, एक ती जात होती त्या वाचनालयाला आणि एक बँकेच्या शाखेला द्या. वीस प्रती राखून ठेवा, कारण वर्षभर कुणी ना कुणी मागत येतं. सगळी रेकॉर्डिंगं, स्कॅन केलेले फोटो, तिच्या व्हॉइस नोट्स आणि पुस्तिकेचं पीडीएफ एका पेन ड्राइव्हवर घरच्यांना द्या. दुसरी पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर तुमच्यापैकी एकीकडे ठेवा आणि तिसरी ऑनलाइन. सोबत एक छापील यादी द्या: कोणत्या फाइलमध्ये कोण बोलतं आहे आणि कशाबद्दल. यादी नसेल तर तिची नात पंधरा वर्षांनी ती फाइल उघडेल तेव्हा तिला आवाज ऐकू येतील, पण ते कुणाचे हे सांगणारं कुणी नसेल.